दोन तासांतली साडेअकरा मिनिटं

ध्वनिचित्रफीत हाती लागली की आपल्याला वाटतं, पुरावा मिळाला. ती कापलेली असेल तर? २०११ची ही घटना बघा.

अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओसाठी निधी उभारणारे रॉन शिलर दोन 'देणगीदारां'बरोबर जेवायला गेले. ते दोघे जेम्स ओकीफ यांचे साथीदार होते आणि छुपा कॅमेरा चालू होता. ८ मार्चला साडेअकरा मिनिटांची चित्रफीत आली. तीत शिलर टी पार्टीवाल्यांना वर्णद्वेषी म्हणताना दिसतात. दुसऱ्याच दिवशी एनपीआरच्या प्रमुख विवियन शिलर (रॉन यांच्या नात्यातल्या नव्हेत) पायउतार झाल्या.

ओकीफ यांनी सुमारे दोन तासांचं मूळ चित्रीकरणही प्रसिद्ध केलं होतं. 'द ब्लेझ' या उजव्या विचारांच्याच संकेतस्थळाने दोन्ही ताडून पाहिलं. टीकेचा काही भाग शिलर रिपब्लिकन ओळखीच्यांचं मत म्हणून सांगत होते. तो संदर्भ गाळला होता. देणगीने बातमी विकत घेता येत नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलंही उडवलं होतं. काही वादग्रस्त मतं मात्र त्यांचीच होती, हेही नोंदवा.

निधी तोडण्याची मागणी जुनीच होती. १७ मार्चला, म्हणजे ही कापाकापी उघड झाल्यावरही, प्रतिनिधिगृहाने तसं विधेयक २२८ विरुद्ध १९२ मतांनी संमत केलं. सिनेटची मंजुरी न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही.

आलेखातले नकोसे बिंदू पुसले तरी उरलेला प्रत्येक बिंदू खराच असतो; खोटी ठरते ती त्यांतून काढलेली रेघ. म्हणून उतारा वापरण्याआधी मूळ साधन शोधा, आणि काय गाळलंय ते आधी तपासा.