अक्षराआधीचे पुस्तक

मराठी घरात मोठ्याने वाचण्याची रीत जुनी आहे. चातुर्मासात पोथी लागे, देवळात पुराण चाले, आणि अक्षरशत्रू माणूसही केवळ श्रवणाने बहुश्रुत होई. त्या श्रोत्यांत मुलेही असत. पण कोपऱ्यात, आईच्या पदराआड पेंगत. मुलांना मांडीवर घेऊन, चित्रावर बोट ठेवीत, त्यांच्यासाठीच वाचलेले पुस्तक आपल्याकडे केव्हा आले? मास्तरकीतून मोकळा झाल्यावर मी ह्या प्रश्नाच्या मागे लागलो, आणि शोधाची वाट फिलाडेल्फियावरून वळून माझ्या भांडगावाच्या शेजारीच येऊन थांबली.

चित्र दाखवीत गोष्ट सांगण्याची कला आपल्याला परकी नाही. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर ती परंपरा आजही चालवतात. त्यांतले परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. एका आख्यानाची सुटी चित्रे क्रमाने लावली की तिला ते ‘पोथी’च म्हणतात. एकेक चित्र उभे करायचे आणि कथा गात पुढे जायचे. हे चित्र मात्र साऱ्या गावासाठी असे. घराच्या उंबऱ्याआत, झोपेपूर्वी, एकाच पोरासाठी चित्रकथी येत नसे.

छापखाने आले तेव्हा मुलांची आठवण लवकर झाली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही 1828 सालची. विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ 1881 साली निघाले, वासुदेव गोविंद आपट्यांचे ‘आनंद’ 1906 साली. ह्या साऱ्यांचे ऋण मोठे. पण ही मंडळी ज्याच्याशी बोलतात ते मूल वाचायला शिकलेले आहे. ज्याला अजून वाचता येत नाही त्याच्या हाती काय पडले? अंकलिपी. तीत चित्रे असतात, आणि ती मुलांना आवडतातही. पण अंकलिपीतले चित्र हे अक्षराचा गडी आहे. गणपती तेथे बसतो तो ‘ग’ शिकवण्यासाठी. त्या गणपतीला भूक लागत नाही, तो कोठे जात नाही, त्याचे पुढे काय झाले हे कोणी विचारीत नाही. युरोपातही आरंभ असाच झाला: 1658 साली कोमेनिअसने काढलेल्या प्रसिद्ध सचित्र पुस्तकातली चित्रेसुद्धा लॅटिन शिकवण्याच्या कामावर होती.

वेगळा विचार केला तो फ्रोबेलने. बालोद्यानाच्या ह्या जनकाने 1844 साली आयांसाठी एक पुस्तक काढले. आईने बाळाला जवळ घ्यावे, चित्र दाखवावे, गाणे म्हणावे, बोटांचा खेळ करावा, एवढीच त्याची मागणी. अक्षराला तेथे घाई नाही.

हा विचार मराठीच्या दाराशी आणला पंडिता रमाबाईंनी. 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून गेल्या आणि तेथेच राहून बालोद्यानपद्धती शिकल्या. मराठी मुलांसाठी सचित्र वाचनपुस्तके करण्याचे कामही त्यांनी तेथेच हाती घेतले. पुस्तके शाळेचीच, हे खरे. परंतु ज्यांचे बालपण आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडण्यात गेले, ज्यांना आईने पहाटे उठवून तोंडी संस्कृत शिकवले, त्या बाईंना चित्राची आणि खेळाची किंमत कळावी, ह्याचे मला फार वाटते. बरोबर तीन वर्षांनी, 11 मार्च 1889 रोजी, त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले.

पुढे 1896-97 चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून त्यांनी अनाथ मुली आणल्या, पुण्यात प्लेग आला, आणि केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. यवत सोडून सोलापूर रस्त्याने आले की भांडगाव लागते. तेथून केडगाव फार लांब नाही. त्या माळावरच्या छापखान्यात मुली खिळे जुळवीत, पाने छापीत. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई अंध मुलींना ब्रेल शिकवीत. जिला दिसत नाही तिच्यापुढे चित्र नसते. वाचणाऱ्याचा आवाज आणि बोटाखालचे उंचवटे एवढेच असते. धर्मांतराच्या वादात केडगावचे नाव पुष्कळ घेतले गेले. मुलांच्या वाचनाच्या संदर्भात ते कोणी घेत नाही, ही मला आपल्या इतिहासलेखनातली एक उणीव वाटते.

त्यानंतरचे मोठे नाव ताराबाई मोडकांचे. 1936 साली दादरला शिशुविहार, 1945 साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र, पुढे कोसबाड. सोबत अनुताई वाघ. त्यांचे गुरुतुल्य सहकारी गिजुभाई बधेका यांनी गोष्ट सांगण्याचे शास्त्रच लिहिले. पण सांगणे निराळे, वाचून दाखवणे निराळे. सांगितलेली गोष्ट दर रात्री बदलते. वाचलेली तीच राहते, आणि एक वाक्य गाळले की चार वर्षांचे पोर आपल्याला पकडते!

खरी चित्रपुस्तके बहुतेक बाहेरून आली. रशियन पुस्तके मराठीत स्वस्तात मिळत. सुंदर छपाई, बर्फ, अस्वले. 1991 साली सोव्हिएत संघाबरोबर तीही सरली. नॅशनल बुक ट्रस्टने 1969 पासून नेहरू बाल पुस्तकालय चालवले. आपल्या घराचे चित्रपुस्तक हवे होते ते माधुरी पुरंदरे यांनी दिले. ‘यश’च्या गोष्टी, ‘राधाचं घर’: लिहिणारा हात आणि चितारणारा हात एकच. राधाच्या घरातली माणसे आपल्या ओसरीवरची वाटतात. 2014 साली साहित्य अकादमीने त्यांना बालसाहित्य पुरस्कार दिला. फ्रोबेलच्या पुस्तकापासून येथवर यायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

आणि ही पुस्तके खेड्यात? अंगणवाडी योजना 1975 साली सुरू झाली. वजनकाटा आला, खाऊ आला. एका गावी मी पाहिले, चित्रांची पुस्तके पत्र्याच्या पेटीत कुलपाआड होती. कारण विचारले तर उत्तर आले, “गुरुजी, पोरं फाडत्यात.”

गुऱ्हाळांच्या हंगामात आमच्याकडे बाहेरगावची बिऱ्हाडे उतरतात. गेल्या वर्षी त्यांतल्या एका बाईला मी असे एक पुस्तक दिले. “मला कुठं वाचाया येतं, गुरुजी?” ती म्हणाली. मी म्हटले, “चित्रं बघ आणि सांग.” दोन दिवसांनी गेलो तर लेकीला मांडीवर घेऊन ती गोष्ट सांगत होती. पुस्तकातल्या गोष्टीशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पुस्तकातली मांजर तिच्या गोष्टीत सासरी निघाली होती. तिने पान उलटले तशी पोरगी ओरडली, “आई, काल मांजर रडली हुती!” बाईने मुकाट्याने पान मागे घेतले आणि मांजरीला रडवले.