नाकातील हाडाची गाठ : भीती नको, दुर्लक्षही नको

नाक चोंदू लागले, की ‘नाकाचे हाड वाढले आहे’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. बहुतेक वेळा हाड वाढलेले नसते. दोन नाकपुड्यांमधील पडदा एका बाजूला सरकलेला असतो किंवा ॲलर्जीमुळे नाकातील मांसल भाग सुजलेला असतो. मात्र काही व्यक्तींच्या नाकालगतच्या पोकळ्यांत खरोखरच हाडाची गाठ तयार होते. तिला वैद्यकशास्त्रात ‘ऑस्टिओमा’ म्हणतात. ही गाठ कर्करोगाची नसते.

गाठ कोठे होते?

नाकाभोवतीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. ऑस्टिओमा प्रामुख्याने कपाळाच्या सायनसमध्ये आणि त्याखालोखाल नाक व डोळा यांच्यामधील सायनसमध्ये आढळतो. शंभर जणांच्या सायनसचे सीटी स्कॅन केल्यास सुमारे तिघांत ही गाठ दिसू शकते. पुरुषांत तिचे प्रमाण काहीसे अधिक असते. वाढ अतिशय मंद, वर्षाकाठी साधारण एक-दोन मिलिमीटर असते. जन्मजात वाढीतील दोष, जुना मार आणि दीर्घकाळचा जंतुसंसर्ग अशी कारणे सांगितली जातात. परंतु नेमके कारण निश्चित झालेले नाही.

लक्षणे

बहुतेक रुग्णांना कोणताही त्रास होत नाही. अन्य कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये गाठ अचानक दिसते. सायनसचा मार्ग अडल्यास कपाळ दुखणे, वारंवार सायनसचा संसर्ग होणे अशा तक्रारी सुरू होतात. सोलापूरसारख्या शहरात डोकेदुखीचे खापर उन्हावर किंवा यंत्रमागाच्या धुळीवर फोडले जाते आणि तपासणी लांबणीवर पडते. डोळा पुढे येणे, एकाच्या दोन प्रतिमा दिसणे, डोळ्यातून सतत पाणी येणे, नाकातून पाण्यासारखा पातळ द्राव ठिबकणे ही लक्षणे गाठीचा दाब डोळ्याच्या खोबणीवर किंवा मेंदूच्या आवरणावर पडत असल्याची असू शकतात. अशा वेळी विलंब करू नये. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असल्यास अन्य गंभीर आजारांचीही तपासणी आवश्यक ठरते.

निदान

साध्या एक्स-रेमध्येही गाठ दिसू शकते; परंतु तिचा आकार व नेमके स्थान सीटी स्कॅनमध्येच स्पष्ट होते. ‘फायब्रस डिसप्लेसिया’ व ‘ऑसिफाइंग फायब्रोमा’ हे हाडाचे अन्य सौम्य विकारही याच भागात होतात. त्यांचे उपचार वेगळे असल्याने हा फरक महत्त्वाचा आहे. कवटी व जबड्याच्या हाडांत अनेक ऑस्टिओमा आढळल्यास मोठ्या आतड्याची तपासणी करावी लागते. ‘गार्डनर सिंड्रोम’ या आनुवंशिक विकारात अशा गाठींबरोबर आतड्यात असंख्य कोंब येतात आणि उपचार न झाल्यास त्यांचे कर्करोगात रूपांतर होते.

उपचार

ही गाठ औषधांनी विरघळत नाही. त्रास नसल्यास केवळ ठरावीक काळाने स्कॅन करून लक्ष ठेवणे पुरेसे असते. त्रास होत असल्यास, गाठ वेगाने वाढत असल्यास किंवा डोळा व मेंदूकडे सरकत असल्यास शस्त्रक्रिया करतात. आज अनेक गाठी दुर्बिणीद्वारे, नाकपुडीतूनच, चेहऱ्यावर छेद न घेता काढता येतात. कपाळाच्या सायनसमध्ये फार बाहेरच्या बाजूला असलेल्या मोठ्या गाठीसाठी मात्र बाहेरून छेद घ्यावा लागू शकतो. पूर्ण काढलेली गाठ पुन्हा होणे दुर्मीळ असते.

सोलापुरात १९६३ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजेच ‘सिव्हिल’मध्ये, कान-नाक-घसा तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. तपासणीस जाताना जुने स्कॅन व अहवाल आवर्जून सोबत न्यावेत. गाठ वाढते आहे की जशीच्या तशी आहे, हे त्यांच्याशी तुलना केल्यावरच समजते आणि शस्त्रक्रियेचा निर्णय बऱ्याचदा त्यावरच अवलंबून असतो.