दौंडच्या कानात लंडन

मे 1942. खाली इरावती, समोर उत्तर ब्रह्मदेशातली मिचिनाची धावपट्टी. तुमचं विमान डीसी-3, आसनं 21. चाकं टेकतात न टेकतात तोच जपानी फौजांपासून पळणारी माणसं दाराशी झोंबू लागतात आणि तुम्ही डोकी मोजणं सोडून देता. याच दिवसांत, इथूनच, अशाच एका विमानात 70 हून अधिक माणसं कोंबून बाहेर काढली गेली. टोकियोवर बॉम्ब टाकून चीनमार्गे परतणारे जेम्स डूलिटल त्यांतच होते. इंजिनं बंद करायची नाहीत, दार लावायचं आणि आसामातलं दिंजान गाठायचं. कानात विजांची खरखर. रेडिओवाला ओरडतो, “क्यूआरएन!” आवाज विरत-उमटत राहिला की म्हणतो, “क्यूएसबी.” ही अक्षरं विसरू नका. पुढे पोट त्यांच्यावरच भरायचं आहे.

1946. युद्ध संपलं. लष्कराची डाकोटा विमानं विक्रीला निघाली आहेत आणि पैसेवाला जो तो हवाई कंपनी काढू पाहतोय. उतारू कुठून येणार, हे मात्र कुणी विचारत नाही. घोडनदीचे सासरे एका वाक्यात निकाल देतात: “जावईबापू, अधांतरी माणसाचा पगारही अधांतरीच.” (शिरूरला घोडनदी म्हणणाऱ्या पिढीला असं बोलायला वेळ लागत नाही.) तुम्ही इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनीकडे अर्ज करता. नेमणूक दौंडला.

दौंडचं नाव काढलं की लोकांना जंक्शन आठवतं. पुण्याहून मनमाडकडे निघालेल्या गाडीचं इंजिन तेव्हा इथे काढून दुसऱ्या टोकाला लावत, तोवर चहा होई. पण याच गावात विलायतेचा आवाज उतरतो, हे चहा पिणाऱ्याच्या गावीही नसे. 23 जुलै 1927 ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी भारत आणि इंग्लंडमधली बिनतारी ‘बीम’ सेवा सुरू केली. पाठवायचं केंद्र खडकीला, ऐकायचं दौंडला. मधे सत्तरेक किलोमीटर, कारण प्रक्षेपकाच्या शेजारी बसून हजारो मैलांवरचा क्षीण संदेश ऐकू येत नाही. 1933 च्या मे महिन्यात मुंबई-लंडन टेलिफोनही सुरू झाला.

रात्रपाळी. कानांवर हेडफोन, समोर रिसीव्हर. दिवसाच्या छोट्या लहरी अंधार पडला की साथ सोडतात, म्हणून संध्याकाळी मोठ्या लहरींवर यायचं. पकडलेला संदेश तारेने मुंबईला जातो. बाहेर वळीव कडाडतो आणि विलायतेचा आवाज तुटायला लागतो. हाताखालचा पोरगा घाबरतो. तुम्हाला मात्र ही खरखर दिंजानपासून ओळखीची आहे. तेव्हा त्या आभाळातून माणसं आणायची होती, आता त्यांचं बोलणं. माझ्या मते दुसरं काम अवघड, कारण पडलेलं विमान दिसतं, तुटलेलं वाक्य कुणाला दिसत नाही. 1 जानेवारी 1947 ला सरकार कंपनी ताब्यात घेतं. खुर्ची तीच, रिसीव्हर तोच, पण आता तुम्ही ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसचे, म्हणजे ‘ओसीएस’चे, सरकारी नोकर. सासरे प्रथमच मनापासून खूश.

1 जून 1948. रजेवर घोडनदीला आला आहात. नगर-पुणे रस्त्यावर ही गर्दी जमली आहे! नगरहून पुण्याला निघालेली राज्य परिवहनाची पहिली गाडी येतेय: लाकडी सांगाडा, वर कापडी छप्पर. लोक चाकांकडे वाकून बघतात, पोरं मागे धावतात. तुम्ही मिचिना बघितलेलं असूनही हरखता. बरोबर आठवड्याने, 8 जूनला, एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला उडतं. ते उडवणाऱ्यांत तुम्ही असू शकला असता. त्या रात्री तुम्ही दौंडला पाळीवर आहात.

ते उडणं सोडल्याची खंत किती होती, हे तुमचं तुम्हीच ठरवा. तुम्हाला मी कल्पनेतून उभं केलंय. यंत्रं, तारखा आणि गावं मात्र खरी आहेत. लघुलहरींचं राज्य पुढे ओसरलं. 26 फेब्रुवारी 1971 ला याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला विक्रम भूकेंद्र सुरू झालं आणि परदेशी बोलणं उपग्रहावरून उतरू लागलं. आर्वीचं नाव अभ्यासाच्या पुस्तकांत आलं, दौंडचं राहून गेलं. तेव्हा दौंड-शिरूर भागात कुणाच्या घरी आजोबांचं ‘ओसीएस’चं ओळखपत्र, पाळीची वही, एखादा फोटो पडला असेल, तर तो रद्दीत घालू नका. त्यावर नाव आणि साल लिहून ठेवा.