शोधाच्या वाटा

१९९० साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज यांनी ‘आर्ची’ हे शोधयंत्र घडविले. ते केवळ फायलींची नावे शोधी. १९९५च्या ‘अल्टाव्हिस्टा’ने पानांतला शब्दन् शब्द धुंडाळला, २०१३ साली तेही मिटले. १९९८ साली स्थापन झालेल्या ‘गूगल’ने ज्या पानाकडे वजनदार पाने बोट दाखवतात, त्याला वरचे आसन दिले. लहान भाषेच्या पानाकडे बोट दाखवणार कोण? ते सहज मागे पडते. म्हणून मी २००८ साली निघालेले ‘डकडकगो’ही चाळतो. २०१४ साली बेळगावचे सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले. मी दोन्ही नावांनी, मराठीत आणि कन्नडातही शोधतो. प्रत्येक वेळी इतिहासाचे वेगळे पान उघडते. आपल्या घरांत दोन भाषा नांदतात, वाचकहो. मग एकाच दाराशी का थांबावे?