बास ड्रमचे मफलिंग व स्वरजुळणी

बास ड्रमचे मफलिंग व स्वरजुळणी म्हणजे पाश्चात्त्य ड्रमसंचातील सर्वांत मोठ्या ड्रमच्या दोन्ही पडद्यांचा ताण जुळवणे आणि त्याचा अनावश्यक घुमारा आवरणे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने १९२० ते १९७० या काळात अमेरिकेत तयार झालेल्या जुन्या (विंटेज) बास ड्रमचा विचार केला आहे. या वाद्यांचा आवाज खर्जाने भरलेला, गोलसर आणि टोचणाऱ्या अधिस्वरांपासून मुक्त असतो; ध्वनिमुद्रणाच्या परिभाषेत अशा आवाजास 'वॉर्म' म्हणतात. हा गुण मुख्यतः वाद्याची घडण आणि पडद्यांचा ताण यांतून येतो. म्हणून ताण आधी जुळवावा आणि मफलिंग त्यानंतर, गरजेपुरतेच करावे, असा या कामातील सर्वसाधारण नियम आहे.

इतिहास

पायाने चालणारे पेडल प्रचारात येण्यापूर्वी वादक बास ड्रम व स्नेअर ड्रम हे दोन्ही हातातील काठ्यांनीच वाजवीत. १९०९ मध्ये शिकागो येथील विल्यम एफ. लुडविग यांनी बास ड्रमसाठी व्यावसायिकदृष्ट्या यशस्वी पेडल तयार केले आणि एका वादकाने संपूर्ण संच वाजवणे सुलभ झाले. आरंभीच्या संचांतील बास ड्रम लष्करी बँडमधील ड्रमप्रमाणे २८ इंच (सुमारे ७१ सेंमी) किंवा त्याहून मोठ्या व्यासाचे असत. स्विंग संगीताच्या काळात २४ व २६ इंची, तर बीबॉपच्या लहान वाद्यवृंदांत २० इंची आणि पुढे १८ इंची ड्रम रूढ झाले. १९६० च्या दशकातील रॉक संगीतात २२ इंच व्यास आणि १४ इंच खोली हे माप विशेष लोकप्रिय होते.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत पडदे वासराच्या कातड्याचे असत. कातडे दमट हवेत सैल पडते व कोरड्या हवेत आखडते. त्यामुळे ताण वारंवार बदलावा लागे. त्यासाठी हाताने फिरवता येतील असे आडव्या मुठीचे ताणस्क्रू वापरले जात. काही वादक ड्रमच्या आत विजेचा दिवा बसवीत. त्याच्या उष्णतेने कातडे कोरडे राही आणि पुढच्या पडद्यावरील रंगवलेले चित्रही उजळून दिसे. पुढे मायलर या पॉलिएस्टर पटलाचे पडदे आले. रेमो बेली यांनी १९५७ मध्ये स्थापन केलेल्या रेमो कंपनीचा त्यांच्या प्रसारात मोठा वाटा होता. हे पडदे दमटपणाने फारसे बदलत नाहीत. मात्र कातड्याच्या तुलनेत त्यांचा आवाज अधिक तेजस्वी व दीर्घकाळ टिकणारा असल्याने मफलिंगची गरज वाढली.

रचना

बास ड्रमचे लाकडी खोड (शेल) दोन्ही बाजूंनी उघडे असते. जुन्या अमेरिकी ड्रममध्ये ते बहुधा तीन पातळ थरांचे असून गोलाई टिकण्यासाठी दोन्ही टोकांना आतून लाकडी मजबुतीकडी बसवलेली असतात. पेडलचा बीटर ज्यावर आदळतो तो मागचा पडदा 'बॅटर हेड', तर श्रोत्यांकडील पडदा 'रेझोनंट हेड' म्हणून ओळखला जातो. दोन्ही पडदे लाकडी कड्यांनी (हूप) दाबलेले असतात आणि कड्यांवरील धातूच्या पकडी ताणस्क्रूंनी खोडाकडे ओढल्या जातात.

खोडाच्या ज्या धारेवर पडदा टेकतो तिला 'बेअरिंग एज' म्हणतात. जुन्या ड्रममध्ये ही धार पुष्कळदा गोलसर असते. पडद्याचा लाकडाशी अधिक संपर्क आल्याने उच्च कंप्रतेची कंपने लवकर विरतात. म्हणजेच काही प्रमाणात मफलिंग वाद्याच्या घडणीतच असते.

ध्वनिशास्त्र

ताणलेल्या आदर्श वर्तुळाकार पडद्याची मूलभूत कंप्रता त्याच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात आणि ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात बदलते. ताण चौपट केल्यास कंप्रता दुप्पट होते. ताण व पडदा तोच असल्यास २६ इंची पडद्याची मूलभूत कंप्रता २२ इंची पडद्यापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असते. प्रत्यक्ष ड्रममध्ये दोन पडदे आणि त्यांमधील हवा परस्परांवर परिणाम करतात, त्यामुळे हे संबंध काहीसे बदलतात.

अशा पडद्याचे अधिस्वर मूलभूत कंप्रतेच्या पूर्णांकी पटींत नसतात; पहिल्या काहींचे प्रमाण सुमारे १.५९, २.१४ आणि २.३० असते. तबला व मृदंग यांत पुडीवरील शाईच्या भारामुळे अधिस्वर संवादी होतात, हे सी. व्ही. रामन यांनी आपल्या संशोधनातून दाखवले. त्यांपैकी पहिला लेख १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. बास ड्रमवर अशी शाई नसते. त्यामुळे त्याच्या विसंवादी अधिस्वरांना संवादी करण्याऐवजी त्यांचा जोर कमी केला जातो. मफलिंगचे प्रयोजन हेच आहे.

स्वरजुळणीची पद्धत

प्रथम पडदे उतरवून धारेवरील धूळ पुसली जाते आणि खोड सपाट पृष्ठावर ठेवून धार सर्वत्र टेकते की नाही हे पाहिले जाते. पडदा व कडे बसवल्यावर सर्व स्क्रू बोटांनी सारखे घट्ट केले जातात. त्यानंतर समोरासमोरच्या जोड्या घेऊन प्रत्येक स्क्रू थोडा-थोडा, साधारणपणे अर्ध्या वेढ्याने, फिरवला जातो. एकाच बाजूने क्रमाने स्क्रू आवळल्यास पडदा एका अंगाला ओढला जातो व जुने लाकडी कडे वाकण्याचा धोका असतो.

पडद्यावरील सुरकुत्या नाहीशा झाल्यावर प्रत्येक स्क्रूजवळ, कडेपासून सुमारे ५ सेंमी आत, बोटाने टिचकी मारून स्वर ऐकला जातो. सर्व ठिकाणी स्वर सारखा येईपर्यंत लहान फरक केले जातात. खर्जप्रधान आवाजासाठी मागचा पडदा सुरकुत्या जाण्याच्या किंचित वर, म्हणजे कमी ताणावर, ठेवतात आणि पुढचा थोडा अधिक ताणतात. मागच्या पडद्यावर आघाताचे स्वरूप, तर पुढच्या पडद्यावर घुमाऱ्याची लांबी अधिक अवलंबून असते. १८ इंची जॅझ ड्रममध्ये मात्र दोन्ही पडदे बरेच ताणून स्पष्ट स्वर मिळवण्याची प्रथा आहे.

मफलिंगचे प्रकार

* फेल्टची पट्टी: ही पारंपरिक पद्धत आहे. ५ ते १० सेंमी रुंदीची पट्टी पडदा व धार यांच्यामध्ये अडकवून पडद्याच्या आतील बाजूस उभी ताणली जाते. ती मध्यभागी न ठेवता कडेपासून सुमारे एक तृतीयांश अंतरावर ठेवतात. अधिस्वर कमी होतात, मूळ घुमारा बराचसा शिल्लक राहतो.
* कडेशी जाड असलेले पडदे: यांत पडद्याच्या कडेलगत पातळ पटलाचे वलय जोडलेले असते किंवा बाहेरून फोमचे वलय बसवता येते. खोडाला काहीही चिकटवावे लागत नाही.
* आत ठेवलेले कापड: घडी केलेला टॉवेल किंवा लहान उशी एका किंवा दोन्ही पडद्यांना टेकवली जाते. संपर्क जितका अधिक, तितका आवाज आखूड व कोरडा होतो.
* पुढच्या पडद्यातील छिद्र: यातून हवा बाहेर पडते व मायक्रोफोन आत नेता येतो, परंतु घुमारा घटतो.

बीटर व वादनशैली यांचाही परिणाम होतो. लोकरीचा किंवा मऊ फेल्टचा बीटर आघाताची टोकदार कड बोथट करतो. आघातानंतर बीटर पडद्यावरच दाबून ठेवल्यास तो स्वतःच मफलरचे काम करतो. तो लगेच मागे येऊ दिल्यास ड्रम मोकळा घुमतो.

ध्वनिमुद्रणातील उदाहरणे

१९६६ मध्ये बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या ध्वनिमुद्रिकेच्या वेळी ध्वनिअभियंता जेफ एमरिक यांनी रिंगो स्टार यांच्या बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर ठेवला आणि मायक्रोफोन नेहमीपेक्षा जवळ आणला. त्यातून घट्ट, ठोस आवाज मिळाला. १९७० च्या दशकात पुढचा पडदा काढून आत उशी किंवा घोंगडी भरण्याची पद्धत व्यापक झाली. याउलट लेड झेपेलिनचे जॉन बोनॅम २६ इंची ड्रम घुमू देत. १९७१ मध्ये प्रकाशित झालेल्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्यासाठी इंग्लंडमधील हेडली ग्रेंज या वास्तूत ड्रम खालच्या दालनात व मायक्रोफोन जिन्यात वर ठेवले होते.

जतन

जुन्या ड्रमवर केलेले सर्व बदल पूर्ववत करता येत नाहीत. मूळ पडद्याला पाडलेले छिद्र बुजत नाही. गोलसर धार कापून तीक्ष्ण केल्यास वाद्याचा मूळ स्वभावच बदलतो. अनेक जुन्या ड्रमच्या आत निर्मात्याची चिठ्ठी किंवा तारखेचा शिक्का असतो. तेथे फोम वा चिकटपट्टी लावल्यास वाद्याचा काळ ठरवण्याचा पुरावा नष्ट होऊ शकतो. मूळ कातडी पडदे जपून ठेवून वादनासाठी नवे बसवणे आणि मफलिंगसाठी फेल्टची पट्टी किंवा सुटे कापड यांसारखी सहज काढता येणारी साधने वापरणे, हा वादन व जतन या दोहोंना सोयीचा मार्ग मानला जातो.