विळी चालते, मग करवत का नाही?

हल्ली वर्तमानपत्रात अधूनमधून एक बातमी दिसते. अमुक ठिकाणी विद्यार्थिनींसाठी विज्ञान कार्यशाळा. सोबत फोटो. मुली ओळीने बसलेल्या, कोणी सोल्डरिंग करतेय, कोणी छोटीशी मोटार जोडतेय. पाहून बरं वाटतं. पण मी पडले इतिहासाची शिक्षिका. एखादी गोष्ट दिसली की ती इथवर कशी आली हे शोधायची खोड निवृत्तीनंतरही जात नाही.

सुरुवात महर्षी कर्व्यांपासून करते. अण्णा गणिताचे प्राध्यापक. १८९१ पासून ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून ही कल्पना त्यांच्या मनाने घेतली होती. तिथे शिक्षणाचं माध्यम मातृभाषा होतं आणि गृहजीवनशास्त्र, आरोग्यशास्त्र या विषयांना मानाची जागा होती. गणिताच्या प्राध्यापकाचं विद्यापीठ गृहजीवनशास्त्रासाठी ओळखलं जावं याचं आज नवल वाटेल. पण ज्या काळात मुलीला शाळेत धाडणं हाच गुन्हा होता, त्या काळात संसाराला उपयोगी पडेल असं काही शिकवतो म्हटल्याशिवाय घराचं दार उघडत नव्हतं. दार उघडलं हे महत्त्वाचं. पण 'मुलींचे विषय' आणि 'मुलांचे विषय' अशी वाटणी पुढेही बरीच वर्षं टिकली, हेही खरं.

ती वाटणी मोडणारी एक बाई मद्रासकडची. अय्यलसोमयाजुला ललिता. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरी तान्ही मुलगी. वडील गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांनी मुलीला तिथेच प्रवेश मिळवून दिला. १९४३ साली ती विद्युत अभियांत्रिकीची पदवीधर झाली. पदवीच्या प्रमाणपत्रावर 'तो' असंच छापलेलं होतं, ते खोडून 'ती' करावं लागलं! पुढे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या आराखड्यांवर आणि भाक्रा-नानगल प्रकल्पासाठीही तिने काम केलं. विधवा बाईला स्वतःच्या पायावर उभं करायचं, हेच तर अण्णांचं स्वप्न होतं. इथे ती विजेच्या खांबांशी जाऊन उभी राहिली.

पण एक ललिता झाली म्हणून शाळा बदलत नाही. माझ्या विद्यार्थिदशेत अकरावीची एसएससी होती. बीजगणित-भूमिती सोडून साधं अंकगणित घेता येई, आणि आमच्या वर्गातल्या बहुतेक मुली तेच घेत. कोणी जबरदस्ती करत नसे. 'तुला कशाला हवंय ते?' एवढं एक वाक्य पुरे व्हायचं.

१९६२ साली हंसाबेन मेहतांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मुलगे आणि मुली यांचा अभ्यासक्रम वेगळा नको, असं तिने सांगितलं. पाठोपाठ कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षं गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचं करा अशी शिफारस केली. आपल्याकडे १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली. तेव्हा मी नोकरीत नवीन होते. नव्या अभ्यासक्रमाने मुली घाबरतील, नापास होतील, अशी चर्चा शिक्षकांच्या खोलीत रंगायची. मुली काही घाबरल्या नाहीत. भूमितीची प्रमेयं त्यांनी घडाघडा लिहिली.

कागदावरचा अडसर असा निघाला. हातांचा मात्र राहिला.

कोठारी आयोगाचीच आणखी एक देणगी म्हणजे कार्यानुभव. कल्पना फार सुंदर होती. पण शाळांनी केलं काय? मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवण. मी होते त्या शाळेत एका मुलीने सुतारकाम मागितलं, तर वरून उत्तर आलं, "करवतीने हात कापला तर पालकांना काय सांगायचं?" आता गंमत बघा. तीच मुलगी रोज सकाळी घरी विळीवर भाजी चिरून शाळेत येत होती. विळीची धार काय करवतीपेक्षा कमी असते? पण विळीला कोणी हत्यार म्हणतच नाही!

आमच्या शिवणाच्या बाई मात्र खमक्या. मशीन बिघडलं तर त्या कारागिराला बोलवत नसत. मुलींकडूनच उघडायला लावत. बॉबिन केस काढ, अडकलेला दोरा ओढ, तेल घाल, वादी सैल झाली असेल तर कापून पुन्हा जोड. खालचं मोठं चाक एकदा फिरलं की वरचं लहान चाक किती वेळा फिरतं, तेही त्या मोजायला लावत. गणिताच्या तासाला फळ्यावर लिहिलेलं गुणोत्तर तिथे मुलींच्या पायाखाली फिरत होतं. त्या काळी 'कार्यशाळा' हा शब्द कोणी फारसा वापरत नसे, पण ती कार्यशाळाच होती.

हेच काम पद्धतशीरपणे केलं ते डॉ. श्रीनाथ कलबागांनी. अमेरिकेतून डॉक्टरेट, हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधनाची मोठी नोकरी. ते सगळं सोडून १९८३ साली त्यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळांसाठी त्यांनी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आखला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस हाताने काम. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि चारही सगळ्यांना. म्हणजे मुलीने वेल्डिंग करायचं आणि मुलाने स्वयंपाकघरातलं काम शिकायचं. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते 'दर आठवड्याला' हे. पहिल्या दिवशी मुलगी बिचकते. चौथ्या आठवड्यात चुकतं कुठे ते कळतं. दहाव्या आठवड्यात ती दुसरीला शिकवते.

आणि कर्व्यांच्या संस्थेचं काय झालं? त्याच संस्थेने १९९१ साली पुण्यात मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. १९९७ साली त्यांच्या विद्यापीठानेही मुंबईत मुलींसाठी तंत्रज्ञानाची संस्था सुरू केली. गृहजीवनशास्त्रापासून इथवर यायला पाऊणशे वर्षं लागली.

म्हणून वाटतं, एका दिवसाच्या कार्यशाळा जरूर व्हाव्यात, पण फोटोपाशी थांबू नयेत. मुलीच्या हातात हत्यार पुन्हा पुन्हा यायला हवं. चार लाकडं फुकट घालवायची मुभा मुलाला नेहमीच होती, ती तिलाही हवी. आणि त्यासाठी दर वेळी शाळेची वाट कशाला पाहायची? घरातल्या मिक्सरचा प्लग सैल झाला, तर यंदा स्क्रू-ड्रायव्हर नातीच्या हातात द्या. मेन स्विच तेवढा आधी बंद करा म्हणजे झालं!