शिकाऊ डॉक्टर आणि लोखंड्यांचा रविवार

आमच्या आयुष्यातल्या एका लाजिरवाण्या रात्रीपासून आरंभ करतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कामगाराचा हात भाजला. रात्री दोनच्या सुमारास आम्ही त्याला एका सार्वजनिक इस्पितळात नेले. तासभर कोणी फिरकेना, तेव्हा समोर आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंवर आम्ही गेटसभेतला आवाज चढवला. त्या इतकेच म्हणाल्या, “काका, मी काल सकाळी आठपासून उभी आहे. यांचा हात मात्र नीट बघते.” त्यांनी तो बघितलाही. परंतु औषधाची मात्रा लिहिताना त्यांच्या हातून आकडा चुकला. शेजारच्या सिस्टरांनी तो वेळीच दुरुस्त करून घेतला.

सारी हयात आम्ही कामगारांचे तास मोजत आलो. त्या रात्री त्या बाईंचे तास मोजावेत हे आम्हाला सुचले नाही. शाळा लवकर सुटल्यामुळे आमचे पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयातच झाले. तेव्हा या प्रश्नाचे मूळही आम्ही पुस्तकांतच शोधू लागलो, आणि ते आपल्याच दोन गावांत सापडले.

कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी यांनी ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेतली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, त्या दुःखातून त्या या विद्येकडे वळल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांचा कक्ष त्यांच्याकडे यायचा होता; पण क्षयाने खंगून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षीच, त्यांचा अंत झाला. त्यांचे धैर्य आपण आजही गातो. त्या गौरवातून एक खोटी समजूत मात्र रूढ झाली, ती अशी की, चांगला डॉक्टर म्हणजे जो स्वतःच्या देहाचा हिशेब ठेवत नाही तो.

आनंदीबाई फिलाडेल्फियात शिकत होत्या त्याच सुमारास, १८८४ साली, ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवीत होते. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज त्यांनी सरकारपुढे ठेवला. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, जखमी झालेल्याला मदत. मालकांनी १० जून १८९० रोजी आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढे १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवा करता करता लोखंडे स्वतःच त्या रोगाला बळी पडले. स्वतंत्र भारतात १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले.

ठाण्याचा हा रविवार कल्याणच्या लेकीच्या वारसांपर्यंत पोहोचला का? कागदावर पोहोचला. ५ जून १९९२ च्या केंद्र सरकारच्या निर्देशात निवासी डॉक्टरांसाठी सलग १२ तास, आठवड्याला ४८ तास आणि एक सुट्टी, असेच लिहिले आहे. परंतु वॉर्डात छत्तीस छत्तीस तासांची ड्यूटी अजून चालते. कारण उघड आहे. हा डॉक्टर पदव्युत्तर विद्यार्थी, त्याला मिळते ते ‘विद्यावेतन’. ही युक्ती आम्हा युनियनवाल्यांना नवी नाही. कारखान्यातही पोराला ‘शिकाऊ’ म्हणायचे आणि काम पुऱ्या गड्याचे घ्यायचे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

कोणी म्हणेल, रोगी म्हणजे काही यंत्र नव्हे, त्याला अर्ध्यावर कसे सोडणार? आक्षेप रास्त आहे. पण कारखान्यातला बॉयलर तरी कुठे थंड होऊ देतात? तेथे माणूस पाळीला बदलतो, आणि जाणारा येणाऱ्याला सगळी नोंद समजावून देतो. रोग्याच्या बाबतीत ही सोपवणूक अधिक काळजीने व्हावी लागेल, त्यासाठी जागा भराव्या लागतील, पैसा लागेल. पैसा नाही, असे गिरणीमालकही म्हणतच होते.

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली एक अठरा वर्षांची मुलगी इस्पितळात दगावली. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर किती तास जागे होते, याची चौकशी झाली आणि १९८९ पासून तेथे आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. ही मर्यादाही थोडी नव्हे. पण थकवा हा रोग्याच्या जिवाचा प्रश्न आहे, हे तेथील कायद्याने कबूल केले.

आपल्याकडे डॉक्टरांवरील हल्ले थांबावेत म्हणून महाराष्ट्राने २०१० साली कायदा केला. तो हवाच. मात्र त्या रात्री आमचा आवाज चढला तो जिच्यावर, ती आमच्याइतकीच नाडलेली होती; आणि ज्यांनी तिला चोवीस तासांत एकदाही बदली दिली नाही, ते घरी निजले होते.

कारखान्यात कामाच्या वेळांचा तक्ता सर्वांना दिसेल असा लावावा लागतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या प्रत्येक सार्वजनिक इस्पितळात तसाच तक्ता टांगावा: कोणता डॉक्टर कधी कामावर आला आणि कधी सुटणार. आपले नगरसेवक मते मागायला दारी येतील तेव्हा हे त्यांना विचारा. आम्हीही विचारणार आहोत, आणि या खेपेस आवाज योग्य माणसापुढे चढवणार आहोत.